आग्याचा मध की पेटीतला?

"बाई, आग्या मोहोळाचा मधच खरा! दुकानातला म्हणजे नुसता साखरेचा पाक." चौथीच्या वर्गात एकाने हे इतक्या ठामपणे सांगितलं, की बाकीच्या माना आपोआप डोलल्या. एक मान मात्र डोलली नाही. त्या मुलीच्या मामांकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या मामाचा मध पेटीतला आहे. मग तो काय खोटा?"

झालं! वर्गात दोन तट पडले. मधली सुट्टी झाली, डबे उघडले, तरी वाद मिटेना. तो घरोघरीही पोचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी दोन आयांनी फाटकाशी गाठून मला तेच विचारलं. आठवड्याच्या बाजारात बादलीत पोळ्याचे तुकडे घेऊन बसतो त्याच्याकडून मध घ्यावा, का लेबल लावलेली बाटली घ्यावी?

चला तर मुलांनो, न्यायनिवाडा करू. पण त्याआधी साक्षीदारांची ओळख हवी ना? साक्षीदार म्हणजे माश्या!

सगळ्यांत मोठी ती आग्या. नावातच आग! ही उघड्यावर राहते. जुन्या वडाची आडवी फांदी, पाण्याच्या उंच टाकीचं बूड, डोंगराचा कडा, अशा जागी तिचं एकच भलंमोठं पोळं लटकतं. कधी कधी मीटरभर रुंद. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंग गडाची एक कथा सांगतात. एका धनगराला कड्यावर मोहोळ दिसलं. त्याने त्यात काठी खुपसली, तर काठीच्या टोकाला शेंदूर लागून आला. मोहोळ बाजूला केलं, तर मागे देवीची मूर्ती! आता ओळखा, उघड्या कड्यावरचं ते मोहोळ कोणत्या माशीचं असेल? अगदी बरोबर. आग्याला पेटीत ठेवायचे प्रयत्न पुष्कळांनी केले, पण बाईसाहेब चार भिंतींत नांदत नाहीत. एका गावातही नांदत नाहीत. फुलं संपली की सगळा गोतावळा उठतो आणि दुसऱ्या मुलखाला जातो.

दुसरी फुलोरी. अगदी बारकी. झुडपाच्या काडीला तिचं तळहाताएवढं पोळं असतं. त्यात मध तो किती? वाटीभर निघाला तरी खूप.

तिसरी सातेरी. हिला अंधार आवडतो. झाडाची ढोली, रिकामं वारूळ, जुन्या भिंतीतलं भगदाड, अशा ठिकाणी ती एकाशेजारी एक अशी पाच-सात पोळी बांधते. अंधारी लाकडी पेटी दिली, तर ती तिलाही घरच मानते. चौथी मेलिफेरा, ही परदेशची पाहुणी. १९६२ साली हिमाचलातल्या नगरोटा इथे (तेव्हा तो भाग पंजाबात होता) ती भारतात नीट रुजली आणि मग देशभर पसरली. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला पाच-दहा किलो मध मिळाला तर मधपाळ खूश असतो. मेलिफेराच्या पेटीतून तीस किलो आणि त्याहूनही अधिक निघतो.

आता एक गंमत पाहा. ढोलीतली सातेरी ही रानटी माशी. तिलाच अलगद उचलून पेटीत ठेवली, की ती पाळीव. माशी तीच, पंख तेच, सोंड तीच. गाईला आपण दावं बांधतो, वैरण घालतो. माशीला कोण बांधणार? सकाळी ती पेटीच्या दारातून निघते आणि पाहिजे त्या फुलावर जाते. ढोलीतली बहीणही त्याच फुलावर बसलेली असते. मग एकीचा मध खरा आणि दुसरीचा खोटा, हे कसं व्हावं?

आणि तरी मधामधांत फरक असतो. भरपूर असतो! तो कुठून येतो, ते शोधायचं आहे.

पहिला फरक फुलाचा. महाबळेश्वरला गेलेल्यांनी तिथल्या मधाच्या बाटल्या पाहिल्या असतील. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे. तिथून जवळच्या मांघर गावाला मे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. देशातलं असं पहिलं गाव. तिकडच्या सातेरीला जांभूळ मिळते, हिरडा मिळतो आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवीचा फुलोरा मिळतो. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट. कारवीचा तर इतका दाट, की तो भांड्यात थिजल्यासारखा बसतो आणि चमच्याने ढवळला की सैल होतो. आपल्या देशात मध शुद्ध आहे का हे ठरवायचे सरकारी नियम आहेत. त्यांत कारवीच्या मधाला एका प्रकारच्या साखरेबाबत चक्क वेगळी सवलत दिलेली आहे. बघा, नियमसुद्धा फुलाची दखल घेतात. माशी रानातली होती का पेटीतली, हे ते विचारत नाहीत.

(जांभळाचा मध मधुमेह्यांना चालतो, असं बाजारात बिनदिक्कत सांगतात. पालकहो, मध कोणत्याही फुलाचा असो, त्यात जवळजवळ चार पंचमांश साखरच असते. घरातल्या आजोबांना तो औषध म्हणून देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.)

आणि आपल्या विंचूरचा, निफाडचा मध? इकडे थंडीत बियाण्याच्या कांद्याला पांढरे गोंडे येतात. त्या मधाला ताजा असताना कांद्याचा वास येतो, बरं का! नाक मुरडू नका. काही दिवस ठेवला की वास कमी होतो. पण बादलीवाला आणि 'रानातला शुद्ध' हे शब्द ऐकले, की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल उभं राहतं. आग्या बसलेली असते गावच्या टाकीखाली, आणि चरायला जाते आपल्याच कांद्यावर, बाभळीवर, सूर्यफुलावर. रसवंतीच्या चोथ्यावर आणि मिठाईच्या दुकानातल्या पाकावर घोंघावणाऱ्या माश्या तुम्ही पाहिल्या आहेतच. त्यांत आग्याही असते. म्हणून माशी रानटी असली म्हणजे तिचा मध रानफुलांचाच असेल, असं नाही.

दुसरा फरक पिकण्याचा. हो, आंब्यासारखा मधही पिकतो. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच. माशी तो पोटातल्या पिशवीत भरून आणते. पोळ्यातल्या माश्या तो एकमेकींच्या तोंडी देतात, त्यात आपले पाचक रस मिसळतात, खणांत पसरतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालतात. पाणी उडत उडत पाचव्या हिश्शाच्या आसपास आलं, की खणावर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागलं म्हणजे मध पिकला. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणेही मधात शेकडा २० हून जास्त पाणी चालत नाही. त्याहून जास्त असेल, तर त्यातलं यीस्ट जागं होतं आणि मध आंबतो.

आग्याचं पोळं उघड्यावर. पावसाळी, दमट हवा त्याला थेट लागते. त्यामुळे तिच्या मधात पाणी बऱ्याचदा जास्त असतं. सातेरीच्या मधातही दमट भागात ते जास्त आढळतं. पण त्यापेक्षा मोठा दोष माणसाच्या घाईचा. बादलीवाल्याला झाकणं लागेपर्यंत थांबायला सवड नसते. त्याच्या आधी दुसऱ्याने मोहोळ झाडलं तर? आणि पेटीवाल्यांतही घाई करणारे आहेतच! कच्चा मध काढायचा, मग यंत्रात तापवून त्यातलं पाणी उडवायचं, असं करणारे मोठे व्यापारी असतात. पाणी जातं, पण माश्यांनी घातलेले पाचक रस आणि सुवासही जातो. तो मध पिकला असं म्हणता येत नाही. तो आटवला.

तिसरा फरक काढण्याच्या रीतीचा. माझ्या मते सगळ्यांत मोठा हाच.

आग्याच्या पोळ्यात मध असतो वर, फांदीजवळच्या जाड भागात. खाली असतात परागकण, आणि त्याखाली अंडी, अळ्या, कोष. मोहोळ झाडणारा पेटता टेंभा लावतो, माश्या होरपळतात, उडतात, आणि तो सगळं पोळं कापून खाली आणतो. मग ते फडक्यात घालून पिळतो. काय काय पिळलं जातं, विचार करा! मध, पराग, मेण आणि अळ्यांचा रस. त्यानेच तो मध गढूळ आणि लवकर आंबणारा होतो. कुणी म्हणेल, पराग असतात म्हणून तो जास्त पौष्टिक. पराग असतात हे खरं. पण चमचाभर मधातून मिळून मिळून किती मिळणार?

मागच्या पावसाळ्याआधी आम्ही वर्गाच्या कपाटात दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक पिळलेल्या मधाची, एक मधयंत्रातून काढलेल्या मधाची. श्रावणात कपाट उघडलं, तर पहिलीच्या तोंडाशी फेस आणि आंबूस वास. झाकण फिरवताच फस्सकन हवा सुटली. दुसरी होती तशीच. मुलांनी फळ्यावर निकाल लिहूनही टाकला, "पेटी जिंकली". मी तो पुसायला लावला. कारण जिंकलं होतं ते यंत्र!

या यंत्राची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं, की दोन पोळ्यांमध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी सोडतात. मग त्याने पेटीत सुट्या चौकटी टांगल्या. आता पुस्तकातलं पान उचलावं तसं एकेक पोळं उचलता येऊ लागलं. पुढे १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन ऱ्हुश्का या सैन्यातल्या अधिकाऱ्याने मधयंत्र बनवलं. त्याच्या मुलाने टोपलीत पोळ्याचा तुकडा घेऊन ती गरगर फिरवली आणि मध बाहेर उडाला, त्यावरून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. पाण्याची बादली गरगर फिरवायचा खेळ तुम्ही खेळलाच असाल. तसंच इथे. चौकटीतल्या पोळ्याची मेणाची झाकणं सुरीने खरवडायची, चौकट पिंपात उभी करून फिरवायची. मध भिंतीवर उडतो, ओघळून नळाने खाली येतो. पोळं शाबूत! रिकामी चौकट परत पेटीत ठेवली की माश्या पुन्हा भरायला लागतात. अळ्या असतात खालच्या कोठीत, मध वरच्या कोठीत. त्यामुळे एका अळीलाही धक्का लागत नाही.

"मग आग्याचा मध चांगला काढताच येत नाही का, बाई?" येतो की! वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी मध गोळा करणाऱ्यांना वेगळी रीत शिकवली आहे. अंगभर जाळीचा पोशाख घालायचा, टेंभा न लावता हलका धूर द्यायचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अळ्यांचा भाग फांदीला तसाच ठेवायचा. मध पिळायचा नाही, गाळायचा. माश्या मरत नाहीत, पोळं पुन्हा बांधतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. असा काढलेला आग्याचा मध मी चाखला आहे. तो पातळ होता, पण स्वच्छ आणि सुरेख. पेटीतल्या चांगल्या मधाच्या पंगतीला बसेल असा.

आता पेटीच्या बाजूचीही उलटतपासणी करू, नाहीतर मामांची भाची खूश आणि बाकीचे नाराज! पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा मधपाळ माश्यांना साखरेचा पाक देतो. त्यात वाईट काही नाही, माश्या जगल्या पाहिजेत. पण त्या पाकाचीच पोळी भरली आणि तोच मध म्हणून काढला, तर ती लबाडी. आग्याला असा पाक कुणी देत नाही, हे तिच्या बाजूने लिहून ठेवा. याहून मोठी लबाडी होते ती बाटली भरताना. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ नाममुद्रांचा मध तपासला. काही नमुने जर्मनीच्या प्रयोगशाळेतही पाठवले. सगळ्या कसोट्यांना उतरल्या फक्त ३! कंपन्यांनी ते मान्य केलं नाही, हेही सांगायला हवं. पण यात पेटीतल्या माशीचा काय दोष? पाक मिसळला माणसाने. आणि बादलीत गुळाचं पाणी मिसळणाराही माणूसच. वर तरंगणारा पोळ्याचा तुकडा म्हणजे शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हे. तुकडा खरा आणि खालचा पाक, असंही असतं.

"पण आमची आजी ओळखते!" कशी? पाण्यात थेंब टाकून, काडी मधात बुडवून पेटवून, कागदावर ठेवून. मुलांनो, आज्यांची क्षमा मागून सांगते, या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. दाट साखरेचा पाकही पाण्यात तळाशी जातो आणि कच्चा पण अस्सल मध लगेच विरघळतो. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे जड जातं, ते एका काडीने कसं कळेल? आणखी एक. थंडीत मध गोठला, तळाशी दाणेदार झाला, की लोक म्हणतात, "साखर मिसळलीय." तसं नाही. मधातलं ग्लुकोज थंडीत दाणे धरतं. काही फुलांचा मध लवकर गोठतो, काहींचा महिनोन् महिने गोठत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, होईल सरळ. गॅसवर मात्र उकळू नका.

परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती मध विकणाऱ्याची घ्या. कोणत्या फुलांचा? कधी काढला? पिळून का यंत्रातून? झाकणं लागली होती का? माहीत असलेला माणूस खुलून सांगतो, तुम्हाला उशीर होईपर्यंत सांगतो. माहीत नसलेला "एकदम प्युअर आहे, घ्या" एवढंच म्हणतो.

आयाबाबांनी नीट वाचावं असं एक. आपल्याकडे नव्या बाळाला मध चाटवायची जुनी पद्धत आहे. मध रानटी माशीचा असो वा पेटीतला, कितीही शुद्ध असो, एक वर्षाखालच्या बाळाला तो देऊ नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांच्या पोटात ती काही करू शकत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, अंग ढिलं पडतं, श्वासावरही परिणाम होतो. घरी मध उकळून ती बीजं मरत नाहीत. घुटीत नको, बोटावर नको, चोखणीवर नको.

तर निकाल काय? चांगलं फूल, पिकलेलं पोळं आणि न पिळलेला मध, मग माशी कुठलीही असो. पेटीत या तिन्ही गोष्टी सांभाळणं सोपं जातं, म्हणून मी स्वतः ओळखीच्या मधपाळाचा मध घेते. आग्याचा घेतला तर माश्या न जाळता काढलेला असेल तरच. चवीचं म्हणाल तर ज्याची त्याची जीभ!

पण आपल्या तालुक्याला मधापेक्षा माशीची गरज जास्त आहे. ती कशी? कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि बी धरणारा भाग मागाहून. म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलाकडून कुणीतरी आणून द्यावा लागतो. तो आणतात माश्या. त्या आल्या नाहीत, तर गोंडे नुसतेच वाळतात. बी नाही, म्हणजे उळं नाही, आणि उळं नाही तर लासलगावच्या बाजारात कांदा कुठून येणार? हे काम पेटीतली माशी करते, तशी आग्या आणि फुलोरीही करते. काही शेतकरी पेट्या भाड्याने आणतात. आग्या भाडं न घेता येते, आणि आपण तिला टेंभा लावतो. वर भर फुलोऱ्यात, भर सकाळी फवारणी! घरी कुणी कांद्याचं बी धरत असेल तर त्यांना सांगा, फुलोऱ्यात फवारणी शक्य तेवढी टाळा, करावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करा. शेजाऱ्याच्या पेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी कळवा.

जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे फुलले की एक काम करा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. त्या दिवशी फवारणी झालेली नाही ना, हे विचारा. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला एका गोंड्यापासून दोन हातांवर शांत उभे राहा. वहीत तीन रकाने आखा: मोठी आग्या, मधली सातेरी किंवा मेलिफेरा, बारकी फुलोरी. दहा मिनिटांत कोण किती वेळा आलं, रेघा मारत जा. दगड नाही, काठी नाही, अत्तर लावून जायचं नाही. गावाचं नाव, तारीख आणि तिन्ही आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा.